बेटावरचे पक्षी मोजतोय ड्रोन, पण आकड्यावर विश्वास किती ठेवायचा?

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ बास रॉक नावाचं खडकाळ बेट आहे. माणसांची वस्ती शून्य. १९०२ चं दीपगृह १९८८ पासून ऑटोमॅटिक चालतं. बेटावर राज्य आहे गॅनेट या मोठ्या पांढऱ्या समुद्रपक्ष्यांचं, आणि त्यांची ही जगातल्या सर्वात मोठ्या वसाहतींपैकी एक मानली जाते.

२०२२ मध्ये इथे बर्ड फ्लू शिरला. नुकसान किती झालं हे कसं कळणार? माणसं उतरवली तर पक्षी बिथरतात, शिवाय विषाणू इकडून तिकडे जायची भीती. म्हणून एडिंबरा विद्यापीठाच्या टीमने ड्रोन उडवला. शेकडो फोटो जोडून एकच मोठा नकाशा बनवला. तुमच्या फोनमधला पॅनोरमा असतो ना, तसंच काहीसं, फक्त वरून काढलेलं.

आकडे बोलके आहेत. २०१४ मध्ये हवाई फोटोंवरून ७५,२५९ व्यापलेल्या जागा मोजल्या होत्या. २०२३ मध्ये त्या ५१,८४४ भरल्या, म्हणजे सुमारे ३१ टक्के घट. २०२४ मध्ये आणखी कमी, ४६,०४५.

मग एआय कशाला? हजारो ठिपके हाताने मोजायला खूप वेळ जातो. माणसांनी आधी काही फोटोंत पक्ष्यांभोवती चौकटी काढून दिल्या की मॉडेल त्यावरून शिकतं आणि बाकीचे स्वतः शोधतं. इंजिनिअर म्हणून मला खरी मेख दिसते ती जिवंत-मेलेल्याच्या फरकात. स्थिर फोटोत पंख पसरून बसलेला आणि मरून पडलेला पक्षी सारखाच दिसू शकतो. त्यात मेलेल्यांची उदाहरणं कमी असली, तर मॉडेल तिथेच जास्त चुकणार. म्हणून माणसाने तपासणं सुटत नाही.

आणि सगळ्यात मोलाचा आकडा एआयचा नाहीच, तो २०१४ चा आहे. तो नसता तर '३१ टक्के घट' म्हणताच आलं नसतं.

आपल्याकडे वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवरही दीपगृह आहे, पक्षीही आहेत. पण तिथल्या पाकोळ्या गुहेत घरटी करतात. वरून उडणाऱ्या ड्रोनला त्या दिसणारच नाहीत. तिथे आवाज टिपणारे माइक किंवा गुहेतले कॅमेरे लागतील. तंत्रज्ञान निवडायच्या आधी पक्षी कुठे राहतो ते बघायला हवं. आणि मोजणी साथ यायच्या आधी व्हायला हवी, नंतर नाही.