संध्याकाळचं फुगलेलं पोट

संध्याकाळी पोट फुगलं की चारच्या भज्यांना दोष दिला जातो. पण खरं कारण बहुधा दुपारच्या ताटात असतं. वाल, हरभरा, राजमा यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. काही तासांनी त्या मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तिथले जिवाणू त्या आंबवून वायू तयार करतात. कांदा, लसूण, गहू यांचंही थोडंफार तसंच. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं तर त्रास कमी होतो. दूध सोसत नसेल, तर दिवसभराचे चहाही मोजा. रोज सोडा पिऊन दुखणं दाबत राहणं मला अजिबात पटत नाही. खाल्लेलं वेळेसकट वहीत लिहा, एका वेळी एकच पदार्थ सोडून पाहा. वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर मात्र थांबू नका, डॉक्टरांकडे जा.