काच फुटली की मला हाक मारा

रात्री साडेआठला नाशिकच्या इंदिरानगरातल्या कुठल्याही सोसायटीचा जिना चढून बघा. पहिल्या मजल्यावर जेठालाल खेकसतोय, दुसऱ्यावर पोपटलाल छत्री आपटतोय. तिसऱ्यावर आमचे एक प्राध्यापक राहतात. ते इराणी सिनेमावर बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार होतो. त्यांच्या बंद दारातूनही चंपकचाचांचा आवाज खणखणीत ऐकू येतो. विचारलं तर म्हणतात, ‘आईसाठी लावावं लागतं हो.’ आई गणपतीत धाकट्याकडे पुण्याला गेल्यात. अजून परतलेल्या नाहीत.

मी असला चोरटा भाविक नाही. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ मी २८ जुलै २००८ पासून उजळ माथ्याने बघतोय. तेव्हा माझे केस काळे होते आणि टप्पू पहिला होता. आता टप्पू तिसरा आहे, सोनू चौथी आहे आणि खुद्द तारक मेहताही दुसरे आहेत. चंपकलाल झालेले अमित भट हे त्यांचा ‘मुलगा’ झालेल्या दिलीप जोशींपेक्षा वयाने लहान आहेत, आणि या मालिकेत विश्वास ठेवायला सगळ्यात सोपी गोष्ट तीच. भागांनी ४००० चा आकडा कधीच ओलांडला. इतके भाग बघितलेल्या माणसाला निंदेचा अधिकार आपोआप मिळतो. देवाला चार शब्द सुनवायची मुभा आपल्याकडे तुकोबांपासून आहे, आणि माझ्या दैवताच्या तर वडिलांचंच नाव तुकाराम. आत्माराम तुकाराम भिडे, गोकुळधाम सोसायटीचे एकमेव सचिव.

हो, मी भिडे मास्तरांच्या पक्षाचा. जेठालालच्या बाजूने सगळं जग आहे, त्याला माझी गरज नाही.

सर्वोत्तम भाग कोणता, यावर लोक भांडतात. कुणाला गुलाबो आवडते, जी कुठूनशी उगवून जेठालालला आपला नवरा म्हणवते. कुणाला पोपटलालची स्थळं आवडतात. आवडोत बापडी. माझा सर्वोत्तम भाग असा : मुलं अंगणात क्रिकेट खेळतात. चेंडू उडतो. भिड्यांची काच फुटते. भिडे गॅलरीत येतात. संपलं कथानक! पण भिडे बाहेर येण्याआधीची ती दोन क्षणांची शांतता बघा. मुलं बॅट पाठीमागे लपवतात. ही बॅट लपवण्याची क्रिया किती सनातन आणि किती निरर्थक आहे! जणू बॅट दिसली नाही तर काच आपोआप फुटली असं ठरणार आहे. मग मास्तर अवतरतात, हातात चेंडू, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि ‘आमच्या जमान्यात’चा पाढा सुरू. मंदार चांदवडकर मूळचे मेकॅनिकल इंजिनियर, दुबईची नोकरी सोडून नटाच्या धंद्यात आलेले. हा राग किती दाबावर उकळतो, याचं त्यांचं गणित कधी चुकत नाही.

या मालिकेतलं विनोदाचं सोनं एवढंच आहे : काच, पाण्याची टाकी, थकलेला मेंटेनन्स आणि सखाराम. सखाराम म्हणजे मास्तरांची स्कूटर. ती बंद पडली की भिडे तिच्याशी जे आर्जवाने बोलतात, तसं ते माधवीभाभींशीही बोलत नसावेत. सखाराम बिघडला किंवा गायब झाला की माझ्यासाठी तो भाग प्रथम श्रेणीत पास. कारण त्यात जगाचं कल्याण होत नाही. एका शिकवणीवाल्या मास्तरची स्कूटर फक्त सुरू होत नाही.

आणि नावडते भाग? बसा, पाणी घ्या.

पहिला मान परदेश सहलींचा. लंडन काय, सिंगापूर काय. जी माणसं स्वतःच्या अंगणात हसवू शकतात त्यांना विमानात बसवून पुतळ्यांपुढे उभं करायचं आणि ‘वाह!’ म्हणायला लावायचं. दुसरा मान त्या भागांचा, ज्यात तीन आठवडे अनर्थ ओढवत राहतो आणि शेवटी कुणीतरी दचकून गादीवर उठून बसतो. स्वप्न होतं म्हणे. मग माझे तीन आठवडे काय होते? तिसरा मान ‘मिशन काला कौआ’ला. २०२१ साली औषधांच्या काळ्याबाजाराचा पर्दाफाश करायला छत्रीवाल्या पोपटलालला गुप्तहेर केलं गेलं. लग्न जमेना म्हणून देशसेवा, हे आपल्याकडे होतं. पण ते इतकं लांबवतात का? आणि मग संदेश. पाणी वाचवा, वीज वाचवा, मोबाइल कमी बघा. शेवटचा उपदेश रोज रात्री टीव्हीवर बसूनच ऐकायचा असतो.

पण महानावडता, नावडत्यांचा चक्रवर्ती, तो जेठालालची बायको दया हिच्या आगमनाचा. मागचा सिंहस्थ झाला २०१५ साली, तेव्हा दया घरात होती. दया झालेल्या दिशा वकानी २०१७ मध्ये रजेवर गेल्या आणि परतल्या नाहीत. त्यांना मी बोल लावत नाही, कुणी कुठे काम करावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी बोलतोय ते पात्राबद्दल. आता पुढचा सिंहस्थ दारात आला, आमच्या नाशिकचे रस्ते त्यासाठी उखणून झाले, आणि दया अजून अहमदाबादला. २०२३ च्या दिवाळीत तर येणार-येणार म्हणून सोसायटी सजवली, जेठालालचे डोळे पाणावले आणि ती आलीच नाही. प्रेक्षक भडकले, बहिष्काराच्या घोषणा झाल्या. आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला? विचारू नका. सहकुटुंब बघण्यासारखी म्हणून जिचं कौतुक, त्या मालिकेत कुटुंबाची सूनच माहेरी, आणि समोर आम्ही सहकुटुंब.

हे असं का होतं, ते काही गूढ नाही. तारक मेहता नावाच्या एका खऱ्या माणसाने १९७१ पासून ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात हे सदर लिहिलं. साप्ताहिकात, म्हणजे एक विनोद लिहायचा आणि सहा दिवस विचार करायचा. आपले ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ही दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या सदरातूनच आले, आणि पडद्यावरही आठवड्याने भेटायचे. तिकडे इंग्रजांनी ‘फॉल्टी टॉवर्स’चे १९७५ मध्ये सहा आणि १९७९ मध्ये सहा असे मोजून १२ भाग केले आणि दुकान बंद केलं. बारा! आमच्याकडे बारा भागांत पोपटलालला मुलीचा फोटोसुद्धा दाखवून होत नाही. रोज दळायचं म्हटल्यावर दाणे संपले तरी जातं फिरतंच. त्याला पीठ कोण म्हणणार?

इथवर सगळे मान डोलवतील. प्राध्यापकसुद्धा. आता जरा नाजूक जागी बोट ठेवतो.

भिड्यांच्या घरात मराठी कोण बोलतं? नवरा मराठी, बायको मराठी, मुलगी मराठी. बायको लोणची-पापड करते, नवरा शिकवण्या घेतो आणि पै-पैचा हिशेब ठेवतो. म्हणजे मराठीपणाची यच्चयावत प्रमाणपत्रं साक्षांकित करून जोडलेली. पण दार लावून घेतलं तरी हे कुटुंब हिंदीतच भांडतं. वरून कोथिंबिरीसारखं ‘अय्या’ आणि ‘अगं बाई’ भुरभुरलेलं. हिंदी मालिका आहे, हिंदीच बोलणार, एवढं मलाही कळतं. बारा वर्षं आम्हा सगळ्यांनाच कळत होतं, आणि आम्ही हसत होतो.

मग आला मार्च २०२०. सुविचार हिंदीत का लिहायचा, तर मुंबईची सर्वसामान्य भाषा हिंदी म्हणून, असं काहीसं चंपकचाचा बोलून गेले. झालं! मनसेच्या चित्रपट सेनेचे अमेय खोपकर कडाडले, निर्माते असित मोदींनी माफी मागितली, मालिकेतही खुलासा झाला. अस्मिता संतुष्ट होऊन पुन्हा कुशीवर वळली. माफी मागायला लावली ते योग्यच. पण फळा कुणाचा होता, हे कुणी विचारलं का? अंगणातला तो सुविचाराचा फळा म्हणजे मास्तरांचं संस्थान. खडू त्यांचा, हस्ताक्षर त्यांचं. आणि त्यावर कुठली भाषा शोभते याचा निवाडा करणार कच्छातल्या भचाऊचे चंपकलाल! एका वाक्यावर आपण पेटून उठलो. बारा वर्षं एका मराठी बायकोने मराठी नवऱ्याला हिंदीत चहा विचारला, त्याला मात्र निखळ कौटुंबिक मनोरंजन म्हटलं.

यावरही उतारा निघाला. मालिका मराठीत आली, ‘गोकुळधामची दुनियादारी’ या नावाने, ‘फक्त मराठी’ या वाहिनीवर. मी उत्साहाने लावली. जेठालाल मराठी बोलतोय, सोढी मराठी बोलतोय, अय्यर मराठी बोलतोय. आणि भिडे मास्तर? सगळेच मराठी झाल्यावर यांचं मराठी असणं उरलं कुठे? मूळ मालिकेत निदान ‘अगं बाई’वर ओळख पटत होती. इथे मास्तर गर्दीत हरवले. हिंदीत वेगळे ठरले म्हणून हास्यास्पद, मराठीत सगळ्यांसारखे झाले म्हणून अदृश्य. असा पेच घालायला भारतीय न्यायशास्त्राचा पंडित लागतो; इथे तो डबिंगवाल्याने सहज घातला.

दूरदर्शनच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ घरात कुठल्या भाषेत बोलतात, हा प्रश्नच कुणाला पडला नव्हता. तेव्हा टीव्हीवर दाखवायला काही नव्हतं म्हणतात. असेल बुवा.

मागच्या रविवारी जेवून आडवा झालो होतो. ठण्ण! स्वयंपाकघराची काच. भाताच्या पातेल्यात काचा आणि ओट्याखाली टेनिसबॉल. बायको म्हणाली, ‘चला, तुमचा आवडता भाग लागला.’ मी चेंडू उचलला आणि तरातरा गॅलरीत गेलो. खाली सात-आठ पोरं. एकाने बॅट पाठीमागे लपवली होती. पोरं आमचीच, म्हणजे पाथर्डी फाट्यापासून राणेनगरपर्यंतची, घरोघरी मराठी बोलणारी. मी श्वास भरून घेतला, तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हिंदीत.

खाली एक क्षण शांतता. मग एक बारका ओरडला, ‘पळा रे, भिडेकाका!’

चेंडू मी अजून दिलेला नाही. फ्रिजवर ठेवलाय.