मगरीच्या शेजारची घरे



बाजारातून तळहाताएवढे हिरवे कासव आणावे, काचेच्या भांड्यात ठेवावे, असा हट्ट हल्ली पुष्कळ घरी मुले धरतात. "ते माणसाळेल ना?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. याचे उत्तर बडोद्यास विचारलेले बरे. कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या शेजाराचा एवढा अनुभव दुसऱ्या मोठ्या शहरास क्वचितच असेल.

पावागडाकडून येणारी विश्वामित्री नदी बडोद्याच्या ऐन वस्तीतून वाहते, आणि तिच्या काठच्या बिळांत मगरी राहतात. वनाधिकाऱ्यांनी 2024 साली त्यांची संख्या सुमारे 440 सांगितली होती. त्या वर्षी ऑगस्टअखेर नदी 37 फुटांपर्यंत चढली आणि तीन दिवसांत 24 मगरी लोकवस्तीतून धरण्यात आल्या. सर्वांत लहान 2 फुटांची, सर्वांत मोठी 14 फुटांची. अकोटा भागात एक तर घराच्या छपरावर जाऊन बसली होती.

अशा वेळी वनखात्यास व स्वयंसेवकांस बोलावणे धाडतात. ते मगरीच्या डोळ्यांवर ओले पोते टाकतात. दिसेनासे झाले की ती बरीचशी शांत होते. तिचे जबडा मिटण्याचे स्नायू भयंकर बळकट, पण उघडण्याचे इतके दुबळे की साध्या दोरीने तोंड बांधता येते. पूर ओसरला की तिला पुन्हा नदीत सोडतात. जवळच्या चरोतर भागात मलातज गावी तर तळ्याच्या एका काठाला मगर ऊन खात असते आणि दुसऱ्या काठी माणसांची कामे चालू असतात. तेथे मगरीस कोणी काही शिकविले नाही. केव्हा पाण्यात उतरू नये, हे माणसेच शिकली.

मगर शिकतच नाही, असे मात्र नव्हे. मद्रासजवळ 1976 साली निघालेल्या मगर-संवर्धन केंद्रात काही मगरींस हाक ओळखून येण्याची सवय लावली आहे. पण ती येते भक्ष्यासाठी. माणसाची भीती मोडणे निराळे आणि माया जडणे निराळे, हे कासवाच्या बाबतीतही तितकेच खरे. भांड्यातले कासव मान वर काढते ते अन्नाच्या आशेने. आपण त्यास प्रेम समजतो!

त्यातून भांडे हे त्याचे घरच नव्हे. उन्हावाचून व चुन्याच्या अंशावाचून त्याची पाठ मऊ पडते आणि ते कुढत मरते. जगलेच, तर ते बाजारी अमेरिकन कासव फूटभर वाढते व तीस-तीस वर्षे जगते. तोवर हट्ट धरणारा मुलगा संसारी झालेला असतो. देशी कासव, घोरपड वा मगर घरी बाळगणे हा तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. घोरपडीसाठी व मगरीसाठी 3 वर्षांहून कमी नाही अशी कैद सांगितली आहे.

ज्यांच्या घरी परदेशी कासव आधीच आहे, त्यांनी ते गुपचूप विहिरीत वा तळ्यात सोडू नये. ते देशी कासवांचे अन्न व जागा बळकावते. त्यास पसरट टाकी, चढून बसण्यास दगड आणि रोजचे सकाळचे ऊन द्यावे. हाताळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत. सांभाळणे होत नसेल, तर वनखात्याच्या कचेरीत विचारावे. शेतात वा ओढ्याकाठी देशी कासव दिसले, तर मुलांनी ते घटकाभर पाहावे आणि असेल तेथेच राहू द्यावे.