गाण्याचे जोते

गाण्याविषयी आपण बोलू लागलो की बहुधा गळ्याविषयीच बोलतो. आवाज गोड आहे, ताना दाणेदार आहेत, वरचा षड्ज सहज लागतो, वगैरे. वरचा षड्ज! जणू गाणे म्हणजे गच्चीवर चढण्याची शर्यतच. घर ज्या जोत्यावर उभे असते ते पाहायला कोणी थांबत नाही. या लेखात मला त्या जोत्याची, म्हणजे खर्जातल्या सुरांची आणि ते वाजवणाऱ्या माणसांची बाजू मांडायची आहे. आणि साक्षीदार बोलावणार आहे तो एकदम स्वीडनहून. वाचकांनी दचकू नये.

स्वीडनचा 'ॲबा' हा चौघांचा संच. दोन गायिका, दोन संगीतकार. चौघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून हे नाव झाले. (आमच्याकडे आबा म्हणजे आजोबा, त्यामुळे घरात या नावाने बरीच करमणूक झाली.) ६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे 'वॉटर्लू' या गाण्याने त्यांनी युरोव्हिजन स्पर्धा जिंकली, आणि पुढची सात-आठ वर्षे जगभर त्यांची गाणी वाजत राहिली. आपल्यापैकी पुष्कळांनी त्यांची चाल नकळत ऐकलेली आहे. १९७७ च्या 'हम किसीसे कम नहीं' मधील 'मिल गया हमको साथी' या गाण्याचा मुखडा ॲबाच्या १९७५ च्या 'मम्मा मिया'वरून उचललेला आहे. उचलले की उसने घेतले, हा वाद राहुलदेव बर्मन यांच्या चाहत्यांशी घालण्याची माझी तयारी नाही.

या गाण्यांना सुशिक्षित लोक 'गोड गोड' म्हणून नाके मुरडत आले आहेत. मला त्याचे एक कारण यंत्रात दिसते. बास गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. रेडिओच्या किंवा हल्लीच्या मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरला एवढी हवा हलवताच येत नाही. मूळ सूर गळून पडतो, वरचे उपस्वर तेवढे उरतात आणि कान त्यांवरून मुळाचा अंदाज बांधतो. म्हणजे आपण गाणे ऐकतो ते बिनजोत्याचे. मग साखर तेवढी जिभेवर राहते यात नवल काय? हीच गाणी चांगल्या हेडफोनवर शांतपणे ऐकून पाहावीत. दोन गळ्यांच्या खाली एक तिसरा माणूस स्वतःची वेगळी चाल म्हणत असतो. तो गायकाच्या मागे धावत नाही आणि त्याला अडवतही नाही.

त्या माणसाचे नाव रुटगेर गुन्नार्सन. ॲबाच्या बहुतेक तबकड्यांवर बास त्याचा आहे. काही गाण्यांत माइक वॉटसन आहे. ढोल बहुधा ओला ब्रुन्कर्टचे. रुटगेरला स्वरलिपी लिहून मिळत नसे. बेनी अँडरसन पियानोवर चाल वाजवून दाखवी, कागदावर फार तर सुरांच्या जुळणीची खूण असे, आणि खाली काय वाजवायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. १९७६ चे 'डान्सिंग क्वीन' घ्या. कडव्याच्या आरंभी वर पियानोचे सूर पालटतात, पण बास आपल्या षड्जावर पाय रोवून उभा राहतो, आपल्या तंबोऱ्यासारखा; आणि मग एकदम चालू लागतो. तो चालू लागला की नाचणाऱ्याचा पाय उचलला जातो, आणि नाचणाऱ्याला वाटते गायिकेनेच नाचवले! 'मम्मा मिया'त उलट प्रकार. ध्रुपदाच्या तोंडाशी ठेका आणि बास हात आखडते घेतात, गळे उघडे पडतात, आणि ते परत आले म्हणजे गाणे दुप्पट भरलेले वाटते. कुठे वाजवू नये हे ज्याला कळते तोच खरा वाजवणारा. १९७७ च्या 'द नेम ऑफ द गेम'चा तर आरंभच खालून होतो. गळे मागाहून येतात.

आता हे सारे मला इतके ओळखीचे का वाटले ते सांगतो. मी जामसांवलीचा. मध्य प्रदेशातले हे गाव पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते, २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आले. आमच्या हनुमानाची मूर्ती निजलेली आहे. मंगळवारी-शनिवारी नागपूरपासूनचे लोक दर्शनाला येतात. घरात मराठी, पाटीवर हिंदी. इथे शिकायला आलो तर शेजारच्या बाकावर कन्नड. दोन गोष्टी एका वेळी ऐकायची सवय सीमेवरच्या माणसाला आपोआप लागते, आणि बास ऐकायला तेवढीच सवय पुरते. आमच्याकडच्या भजनी मंडळात डग्ग्यावर बसणारा माणूस हेच काम करतो. मनगटाचा भार देत तो चामड्यावरून तळवा सरकवतो, तेव्हा सूर खालून वर घसरत जातो. बास गिटारवाला तारेवर बोट घसरवतो तेव्हा हेच घडते. पखवाजाच्या धुमेला कणीक लावायची ती याच खर्जासाठी. भीमसेन जोशी गदग भागातले. त्यांचे मराठी अभंग आणि कन्नड दासपदे आपल्या दोन्ही विभागांच्या वाचकांनी ऐकली असतील. त्यातून पखवाज वजा करून पाहा, आणि उरलेले गाणे कुठे उभे राहते ते मला सांगा.

डग्गेवाल्यालाही कोणी लिहून देत नाही. बुवांनी ओळ कुठे सोडली, श्रोत्यांचा टाळ कुठे ढिला पडला, हे पाहून तो तिथल्या तिथे ठरवतो. गाणाऱ्याचा श्वास संपत आला हे सर्वांआधी त्याला कळते. तो ओळ तोलून धरतो, आणि बुवांना वाटते आपलाच दम मोठा.

अशा माणसाची आपण काय किंमत करतो? हिंदी चित्रपटात टोनी वाझ यांच्यासारख्या गोव्याच्या वादकांनी बास गिटार वाजवली. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात ते होते. तबकडीच्या वेष्टनावर मात्र नटाचे नाव, गायकाचे नाव, गीतकाराचे नाव. आपल्या स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेचेही तेच. गायनात पहिला, दुसरा, तिसरा आणि उत्तेजनार्थ अशी सारी नावे छापली जातात. 'साथसंगत' या शब्दापुढे मात्र 'इतर'. हे 'इतर' कोण? त्यांना आईबापांनी नावे ठेवली नव्हती काय?

आणि आता तर 'इतर'ही उरले नाहीत. हल्ली गायनस्पर्धेत विद्यार्थी मोबाईल देतो, त्यातले तयार संगीत लागते, आणि तो त्यावर गातो. सोयीचे आहे, स्वस्त आहे, बेसूर होत नाही, हे सारे मान्य. पण ते संगीत गाणाऱ्याला ऐकत नाही. तुम्ही भावनेच्या भरात एखादी ओळ लांबवलीत तर ते तुमच्यासाठी थांबणार नाही. खाली कोणी नसलेल्या घरात आपण वरच्या मजल्यावर गात असतो. दुसरीकडे मिरवणुकीतला डीजे. तेथे खर्ज इतका की छातीच्या फासळ्या हलतात आणि म्हाताऱ्या माणसाने दार लावून घ्यावे. लोक म्हणतात, काय बास आहे! मी म्हणतो, दणका आहे. एकच ठोका तासभर. त्यात कोणी विचार केलेला नाही, कोणी कोणाला ऐकलेले नाही. पोट भरणे आणि पोट फुगणे यात जेवढा फरक, तेवढाच हा.

यंत्रयुग आहे, त्याला इलाज नाही, असे उत्तर मिळते. त्यावर पुन्हा स्वीडनचीच साक्ष काढतो. मे २०२२ मध्ये लंडनला ॲबाचा एक नवा प्रयोग सुरू झाला. त्यात चौघेजण रंगमंचावर येत नाहीत; यंत्राने घडवलेल्या त्यांच्या तरुणपणीच्या प्रतिमा गातात, नाचतात. परंतु त्या प्रतिमांना साथ करायला दहा वादकांचा जिताजागता ताफा ठेवला. ज्यांनी यंत्रावर अमाप पैसा ओतला त्यांनीदेखील साथीला माणसेच बसवली. गायकाची छाया चालली, साथीदाराची चालली नाही! आपण नेमके उलटे केले आहे: गाणारा हाडामांसाचा, साथ पेटीतली. रुटगेर गुन्नार्सन हा प्रयोग पाहायला नव्हता; २०१५ मध्ये तो वारला.

आमच्या संमेलन समितीपुढे मी एवढेच मागणे ठेवतो. यंदा गायनाची निदान एक फेरी तयार संगीताशिवाय घ्यावी. वसतिगृहात डग्गा-तबला वाजवणारे आहेत, कन्नड विभागात ढोलकी उत्तम वाजवणारा एक मित्र आहे, बास गिटार शिकणारी एक मुलगी शास्त्र शाखेत आहे. त्यांना दोन आठवडे आधी सांगावे आणि सरावाला एक खोली द्यावी. ताल चुकेल, एखादे गाणे मध्येच कोसळेल, प्रेक्षक हसतील. हसू द्या. आणि पत्रिकेवर त्यांची नावे छापावीत, गायकांच्या नावांइतक्याच जाड टाइपात. शाईचा खर्च जास्त येत असेल तर प्रमुख पाहुण्यांच्या पदव्या थोड्या कमी कराव्यात.