विश्लेषण : कुमिक भाषेची काइताग बोली कागदावर का सापडत नाही?

कॅस्पियन समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्यामध्ये रशियाचे दागेस्तान प्रजासत्ताक आहे. तिथे कुमिक भाषा बोलली जाते. २०१० च्या रशियन जनगणनेत कुमिकांची संख्या पाच लाखांवर होती, तरी युनेस्कोने या भाषेला ‘असुरक्षित’ गटात टाकले आहे. भाषा वाचवायची म्हणजे शब्दकोश आणि पाठ्यपुस्तके छापायची, असा सर्वसाधारण समज. कुमिकच्या काइताग बोलीला मात्र तेवढे पुरणार नाही. तिचा मोठा ऐवज उच्चारांत आहे आणि तो छापताना गळून पडतो.

उच्चारांवरून नाते कसे कळते?

कुमिक ही तुर्किक भाषाकुळाच्या किपचाक शाखेतली. कझाख, तातार, नोगाई या तिच्या बहिणी. ‘पाय’ याला प्राचीन तुर्किक शब्द ‘अदाक’. सायबेरियातील तुवा भाषेत त्यातला ‘द’ टिकला, खाकास भाषेत त्याचा ‘झ’ झाला, तर कुमिक आणि तुर्की भाषेत ‘अयाक’ उरला. कोणती टोळी हा शब्द कसा उच्चारते, हे महमूद काश्गरीने अकराव्या शतकातच लिहून ठेवले होते! डोंगराचा जुना ‘ताग’ कुमिकमध्ये ‘ताव’ होतो, ही किपचाक खूण. पण दिवसाला कझाख ‘कुन’ म्हणतात, तर प्रमाण कुमिकमध्ये तुर्कीसारखा ‘ग्युन’. म्हणजे घराणे किपचाक, पण कानावर दक्षिणेकडच्या भाषांची छाप.

काइतागचे वेगळेपण काय?

काइताग बोली दागेस्तानच्या दक्षिण भागातली. तिच्याभोवती दरगी भाषक राहतात आणि दरगीचे कूळ पूर्ण वेगळे. कंठ क्षणभर बंद करून फटकन सोडलेले ‘क’, ‘त’, ‘प’ हे त्या कुळाचे वैशिष्ट्य. तुर्किक भाषांत ते मुळात नाहीत, काइतागमध्ये मात्र अभ्यासकांना ते आढळले आहेत. याला बिघाड म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात तो दोन भाषांच्या दीर्घ शेजाराचा पुरावा आहे.

मग लिपीचे काय?

कुमिक आधी अरबी, मग लॅटिन आणि १९३८ पासून सिरिलिक लिपीत लिहिली जाते. प्रमाण भाषा खासाव्युर्त आणि बुयनाक्स्क या बोलींवर बेतलेली. दरगीच्या सिरिलिकमध्ये कंठ्य झटक्यासाठी उभ्या काठीसारखे चिन्ह आहे, कुमिकच्या वर्णमालेत ते नाही. त्यामुळे काइतागी ‘क’ लिहिताना साधा ‘क’ होतो. मराठीत ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ लिपी वेगळा दाखवत नाही, आपण तो ऐकून शिकतो. पण ऐकवणारेच उरले नाहीत तर?

रशियात २०१८ च्या कायदादुरुस्तीने शाळेत मातृभाषा शिकणे पालकांच्या निवडीवर सोडले. उरलेल्या तासांत प्रमाण कुमिकच शिकवली जाणार. पाठ्यपुस्तकाला कुठली तरी एक बाजू घ्यावीच लागते, त्यात गैर काही नाही. म्हणूनच बोलीसाठी छपाईआधी ध्वनिमुद्रण हवे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, सुरुवात साध्या मोबाइलवरही होते. मात्र प्रत्येक नोंदीसोबत गाव, बोलणाऱ्याचे वय आणि घरात दुसरी कोणती भाषा चालते, एवढी माहिती हवी. नाहीतर एखादा उच्चार दरगीतून आला की जुन्या तुर्किकमधून टिकला, हे पुढे कोणालाच ठरवता येणार नाही.