तेहतीस रुपये

गेल्या सप्टेंबरात आमच्या ठाण्यातल्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. शेवटून दुसरा विषय होता मॅनेजरच्या पगारात वाढ करण्याचा. १८,००० चे २०,०००. आमची घरं ६०. म्हणजे घरटी महिन्याला ३३ रुपये. या ३३ रुपयांवर सव्वा तास चर्चा झाली! मध्ये चहा आला, सामोसे आले. ते खाऊन सर्वानुमते ठरलं की पुढच्या वर्षी बघू.

मॅनेजरकाका मागे वही घेऊन बसले होते. इतिवृत्त त्यांनीच लिहायचं असतं. स्वतःची पगारवाढ पुढे ढकलल्याचा ठराव त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिला आणि मग खुर्च्या आवरायला घेतल्या. मी त्या सभेत गप्प बसलो होतो. म्हणून आता इथे लिहितोय.

सभेत सगळ्यात टाळ्या मिळाल्या त्या एका मुद्द्याला. "माझ्या मेव्हण्याच्या नाशिकच्या सोसायटीत याच कामाचे पाच हजार देतात. आपण अठरा देतोय, अजून किती?" ऐकायला बिनतोड वाटतं. घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेतली.

मेव्हण्यांची सोसायटी १६ घरांची. आदर्श उपविधींप्रमाणे नोकरांचा पगार हा सेवाशुल्काचा भाग, आणि सेवाशुल्क सगळ्या घरांवर सारखं वाटलं जातं. वन रूम किचन असो की थ्री बीएचके. आता आमच्याइतकेच घरटी ३०० रुपये धरा. १६ घरांचे झाले ४,८००. आमच्या ६० घरांचे १८,०००. आणि घोडबंदर रोडवरच्या ४०० घरांच्या संकुलाचे १,२०,०००. म्हणजे नाशिककर कंजूष नाहीत आणि आम्ही उदारही नाही. घरटी सगळे जवळपास तेवढेच देतायत. गावागणिक पगार बदलतो असं आपण म्हणतो, पण इथे तरी तो बदलला दारांच्या संख्येने!

कोणी म्हणेल, ४०० घरांचं काम जास्त असतं. असतंच की. पण तिथे ते १,२०,००० एकाच्या हातात पडत नाहीत. ते एजन्सीकडे जातात, वर १८ टक्के जीएसटी लागतो, एजन्सी आपला वाटा ठेवते आणि उरलेल्यात मॅनेजर, क्लार्क, सुपरवायझर सगळे भागवायचे. उलट काही कामं घरांच्या संख्येवर अवलंबूनच नसतात. लेखापरीक्षण एकच, ३० सप्टेंबरच्या आतली वार्षिक सभा एकच, सहकार खात्याला पाठवायची विवरणपत्रं तीच. 'आय' आणि 'जे' नमुन्यातली सभासदांची नोंद, भाग दाखले, नामनिर्देशनं, सिंकिंग फंडाचा हिशेब.. कायदा १९६० चाच, नाशिकलाही आणि ठाण्यालाही. लिफ्ट बंद पडली की फोन एकालाच जातो.

"पण तिकडे राहणीमान स्वस्त आहे ना!" हाही एक लाडका युक्तिवाद. स्वस्त काय आहे? घरभाडं. गॅसचा सिलिंडर, मुलाची इंजिनिअरिंगची फी, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नाशिकला निम्म्यात होतं का? केंद्र सरकारने हे कधीच ओळखलंय. सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत एकाच पदाचा मूळ पगार सगळीकडे एकच. शहराप्रमाणे मुख्यतः बदलतो तो घरभाडे भत्ता. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून तो मुंबई-पुण्याला ३० टक्के, नाशिक-नागपूरला २०, लहान गावांना १०. फरक आहे, पण तो घरभाड्यापुरता. आपण मात्र माणसाच्या अख्ख्या कष्टालाच पिनकोड लावून टाकतो.

आणि ठाण्याचा दर घेणारा माणूस ठाण्यात राहतो असंही नाही. आमचे काका टिटवाळ्याहून येतात. साठ घरांच्या किल्ल्या त्यांच्याकडे, पण त्यातलं एकही घर त्यांना भाड्यानेसुद्धा परवडणार नाही. जे जास्तीचे मिळतात ते लोकलच्या पासात आणि रोजच्या तीन तासांत फिटतात.

आता दुसरी बाजू बघा. आमच्याकडे एक फ्लॅट एक कोटीला विकला गेला. दलालाने नुसता एक टक्का घेतला तरी एक लाख झाले. दोन भेटी, चार फोन. दलालांबद्दल माझी तक्रार नाही, तोही धंदा आहे. पण त्या व्यवहाराला लागणारं ना-देय पत्र, भाग दाखल्यावरची नोंद, जुन्या मालकाचा १९९८ सालचा हरवलेला अर्ज, हे सगळं फडताळातून कोणी काढलं? काकांनी. त्यांना पेढ्याचा पुडा मिळाला. पाव किलोचा.

बाजार भाव ठरवतो, हे मला मान्य आहे. पण हा बाजार नव्हे. साठ मालक एका बाजूला आणि वही धरलेला एक माणूस दुसऱ्या बाजूला, याला बाजार म्हणत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. आधी कामाची यादी लिहा, मग पगार लिहा आणि त्यात घरभाड्याचा फरक वेगळा दाखवा. दरवर्षी महागाईप्रमाणे वाढ करारातच असू द्या, म्हणजे माणसाला सभेत उभं करावं लागणार नाही. सोळा-सोळा घरांच्या चार सोसायट्या शेजारी असतील तर त्यांनी मिळून एकच मॅनेजर नीट पगारावर ठेवावा. घरटी ३०० चे १९,२०० होतात, हिशेब करून बघा. आज नाशिकचा तो मॅनेजर तीन ठिकाणी तीन वह्या घेऊन धावतोच आहे, फक्त तिन्हीकडे त्याला अर्धवेळ म्हणतात.

असो. पुढच्या सभेत हा विषय मीच मांडणार आहे. त्या विषयापुरतं इतिवृत्तही मीच लिहीन. काकांनी तेवढा वेळ बाहेर चहा घ्यावा.