आजार उलटेल का, ही भीती

किमो संपते, रेडिएशन संपतं, डोक्यावर पुन्हा केस दिसू लागतात. घरचे म्हणतात, "सुटलीस एकदाची." आणि नेमकं तेव्हाच अनेकजणींच्या मनात भीती घर करते. उपचार चालू असताना दर तीन आठवड्यांनी कुणी ना कुणी तपासत होतं, रक्ताचे रिपोर्ट बघत होतं. आता डॉक्टर म्हणतात, "तीन महिन्यांनी या." मधल्या काळात पाठ दुखली की वाटतं, हाडात गेला का? खोकला आला की वाटतं, फुप्फुसात गेला का? नात्यातल्या कुणाचा आजार उलटल्याचं कानावर आलं, तर त्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या माझ्या बहिणींनो, ही भीती गिळू नका. ती बोलून दाखवा.

आपल्याकडे ती बोलू दिली जात नाही, हे मला ठाऊक आहे. बाईने तोंड उघडलं की सासूबाई म्हणतात, "शुभ बोल गं." नवरा म्हणतो, "नको ते विचार करू नकोस, त्यानेच आजार परत येतो." हे ऐकून बाई गप्प बसते आणि मग भीतीबरोबर अपराधीपणही सोसते. काळजी केल्याने स्तनाचा कॅन्सर परत येतो, असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. तुमच्या मनात आलेल्या विचाराने गाठ होत नाही. घरच्यांनी हे वाक्य कायमचं सोडून द्यावं, ही माझी कळकळीची विनंती आहे. "भीती वाटतेय का? कशाची वाटतेय? सांग," एवढंच विचारा आणि ती बोलत असताना मध्ये तोडू नका.

गिळलेली भीती माणसाला कुठेतरी नेतेच. काहीजणी तिच्यापायी दर दोन-तीन महिन्यांनी लॅबमध्ये जातात, जाहिरातीतलं पॅकेज घेतात, ट्यूमर मार्कर करतात, पेट स्कॅनसाठी हट्ट धरतात. सीए १५-३ नावाची मार्करची तपासणी यकृताच्या साध्या दुखण्यातही वाढलेली येऊ शकते. आकडा थोडा वर गेला की पुढचा महिना रडण्यात जातो. १९९४ साली इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष आले. काही बायकांची नेहमीची तपासणी आणि मॅमोग्राफी झाली, काहींचे त्याशिवाय ठरावीक मुदतीने छातीचे एक्स-रे आणि हाडांचे स्कॅनही झाले. जास्त तपासण्या झालेल्या बायका जास्त जगल्या नाहीत. त्रास नसताना केलेल्या स्कॅनने दूरच्या अवयवातला आजार थोडा आधी कळला, तरी त्याने आयुष्य वाढलं नाही. स्तनात, छातीच्या त्वचेखाली किंवा दुसऱ्या बाजूला नवी गाठ लवकर सापडली, तर मात्र ती बऱ्याचदा बरी करता येते. म्हणून मॅमोग्राफी वर्षातून एकदा करायचीच. दोन्ही स्तन काढले असतील, तर साधारणपणे तिची गरज नसते. डॉक्टरांची तपासणी पहिली ३ वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी, पुढची २ वर्षं दर ६ ते १२ महिन्यांनी आणि त्यानंतर वर्षातून एकदा. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका.

काहीजणी याच्या उलट वागतात. फाइल माळ्यावर टाकतात, तारीख चुकवतात, रोजची गोळी बंद करतात, कारण गोळी बघितली की आजार आठवतो. मला या बहिणींची जास्त काळजी वाटते. हॉर्मोनवर वाढणाऱ्या प्रकारात टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल ५ ते १० वर्षं घ्यायला सांगतात, ते आजार परत येण्याची शक्यता कमी होते म्हणूनच. गरमी होते, सांधे धरतात, हे खरं. पण ते डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. "परत न होण्याचं औषध" विकणारा कुणी ही गोळी सोडायला सांगत असेल, तर त्याच्या दारात पुन्हा जाऊ नका.

आता दुखण्याविषयी. ऑपरेशनच्या जागी कळ येणं, दंडाची आतली बाजू बधिर राहणं, हे वर्षानुवर्षं चालू शकतं. लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल चालू असताना सकाळी बोटं आणि गुडघे आखडतात, हालचाल केली की बऱ्याचदा मोकळे होतात. मात्र एकाच जागी दुखत राहिलं, दुखणं वाढत गेलं, रात्री आडवं पडूनही थांबलं नाही आणि असे दोन आठवडे गेले, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. दोन आठवडे टिकलेला खोकला, व्रणावर किंवा काखेत नवी गाठ, कारण नसताना उतरलेलं वजन, यांनाही हाच नियम. दम लागला, फिट आली, पायांतली ताकद गेली किंवा डोळे पिवळे दिसले, तर दोन आठवडेही थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं.

एक छोटी वही ठेवा. मनात शंका आली की तारीख घालून लिहा: काय दुखतं, कधीपासून, कशाने कमी होतं. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात निम्मं विसरायला होतं. वही पुढे केली की डॉक्टरांना उत्तर देणं सोपं जातं. "माझा कॅन्सर कोणत्या प्रकारचा होता आणि तो परत येण्याची शक्यता कोणत्या वर्षांत जास्त?" हे जरूर विचारा. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात पहिली काही वर्षं जपायची असतात, हॉर्मोनवर वाढणाऱ्या प्रकारात धोका कमी असला तरी लांबपर्यंत रेंगाळतो. कधीच परत येणार नाही, असं कुणीही लिहून देऊ शकत नाही. मीही देणार नाही. पण दुसरीची हकिगत म्हणजे तुमचा रिपोर्ट नव्हे.

दिवसभर विचार पिच्छा सोडत नसेल, तर त्याला संध्याकाळची पंधरा-वीस मिनिटं ठरवून द्या. इतर वेळी आला, तर "सहा वाजता बघू" म्हणून हातातलं काम चालू ठेवा. सुरुवातीला जमत नाही, हळूहळू जमतं. जमेल तसं रोज अर्धा तास चाला, झोप सुधारते.

आठवड्यांमागून आठवडे झोप लागत नसेल, दिवसातून दहादा हात छातीकडे जात असेल, स्वयंपाकात, मुलांत मन लागत नसेल, तर समुपदेशकाची मदत घ्या. कॅन्सरच्या मोठ्या रुग्णालयांत ती मिळते, फक्त मागावी लागते. गावात काहीच सोय नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मनाच्या डॉक्टरांनी गोळी सुरू करायचं ठरवलं, तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं त्यांना आधी सांगा, कारण फ्लुऑक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिनसारख्या गोळ्या टॅमॉक्सिफेनच्या कामात अडथळा आणू शकतात.

आणि घरच्यांनो, तपासणीच्या तारखेला तिला एकटीला पाठवू नका. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात. त्या दिवसांत स्वयंपाक दुसऱ्या कुणीतरी करावा.